सिरिंजमधली फुंकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही — आमच्या ह्यांनाही नाही, आणि ह्यांना तर मी दूध उतू गेलं तरी सांगते. तुम्हाला सांगते. बसा जरा.

हिंगण्याला ट्रान्सफॉर्मरचं तेल शुद्ध करणारा एक कारखाना होता. तिथल्या लॅबमध्ये मी बाटल्या धुवायला लागले, आणि बघून बघून मशीनवर बसले. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास. काम काय — तेलात पाणी किती ते मोजायचं. तेल दिसायला काचेसारखं, पण पाणी त्यात विरघळून बसलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही. सिरिंजने तेल ओढायचं, मशीनमध्ये सोडायचं, आकडा लिहायचा. सिरिंज मात्र ओव्हनमध्ये वाळवलेलीच हवी. मला ते पाठ होतं. पाठ होतं, म्हणूनच तर जीभ रेटत नव्हती ना इतकी वर्षं?

त्या दिवशी टँकर भरून दारात उभा, साहेब डोक्यावर. वाळवलेल्या सिरिंजा संपलेल्या. हातातल्या सिरिंजमध्ये आधीचं थोडं तेल अडकलं होतं — मी काय केलं? फुंकर मारली. चाळणीची भोकं मोकळी करायला मारतो ना, तशी. त्या मोजणीत तोंडाची वाफसुद्धा पाणीच, हे सुचलं का तेव्हा? तीनदा मोजलं, तिन्हीदा फुंकलं. तिन्हीदा पाणी जास्त.

टँकर अडला. आळ आला रामदासभाऊंवर — तेल तापवून पाणी ओढून काढायची मशीन तेच चालवत. साहेब म्हणाले, मशीन लवकर बंद करून घरी पळाला असणार. भाऊ माझ्याकडे आले. "ताई, म्या पुरा टाइम चालवली न वं मशीन. एकडाव अजून पाहा न."

पाहिलं. सगळे जेवायला गेल्यावर, ओव्हनमधली सिरिंज घेऊन. आकडा अगदी बरोबर आला.

फुंकर मारली ती चूक होती. पुढचं — पुढचं मी समजून उमजून केलं. नमुन्याच्या बाटलीतलं उरलेलं तेल टाकाऊ पिंपात ओतलं. मशीनमधून निघालेली त्या आकड्याची चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचली. खरं सांगितलं तर मशीन काढून घेतील, पुन्हा बाटल्या धुवाव्या लागतील — एवढंच डोक्यात. आणि भाऊंना म्हणाले, "पाह्यलं गा भाऊ. तेवढंच येऊन राहिलं."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. चौथ्या दिवशी त्यांना काढलं.

मागच्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनला धंतोलीत गेले. दवाखान्याच्या गेटवर वॉचमन — रामदासभाऊ. केस पांढरे. मला लगेच ओळखलं, स्वतःची खुर्ची पुसून दिली. दुसऱ्या वॉचमनला कौतुकाने म्हणाले, "आमच्या लॅबवाल्या ताई हायेत ह्या. ह्यायचं रीडिंग कधी चुकलं नाही गा."

मी हसले. त्यांच्याच खुर्चीत बसून.