हलगी थांबली नाही

आमच्या साताऱ्याच्या तालमीची एक रीत होती. पैलवान आपला असो की परगावचा, कुणाचा सांधा निखळला की हलगी बंद. मैदान चिडीचूप. मग आमचे वस्ताद तेलाची वाटी घेऊन पुढं व्हायचे, गड्याशी इकडचं तिकडचं बोलत सांधा जागेवर बसवायचे, आणि तो उठून बसला की हलगी पुन्हा कडाडायची. ही विद्या वस्तादांनी माझ्या हातात उतरवली होती. दसऱ्याला ते वाटीही माझ्या हवाली करणार, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. चोविशीतला मी, हात चांगला, पण डोकं सदा तापलेलं.

त्या उन्हाळ्यात छावणीतल्या गोऱ्या सोजिरांशी आमच्या पोरांची फुटबॉलची मॅच ठरली. चळवळीचे दिवस होते. माझा चुलतभाऊ तुरुंगात होता आणि पोलिसांनी त्याची बोटं ठेचली होती. मला मॅच कसली बघायचीय! मला गोऱ्यांची जिरलेली बघायची होती. वस्ताद तापानं फणफणले होते. अंथरुणातूनच म्हणाले, "तू जा. हलगी संगं ने. कुणाला लागलं, तर तू हाईस."

आमची पोरं अनवाणी, ते बुटात. गोऱ्यांच्या गोलामागं दहा पावलांवर मी आणि हलगीवाला उभे. त्यांचा गोलकीपर तांबड्या केसांचा, किडकिडीत पोरगा. पहिल्या हाफात आमच्या एकाच्या पोटरीत गोळा आला, तर हा बाबा गोल सोडून धावला, गुडघ्यांवर बसला आणि त्याची पोटरी चोळत राहिला. लोक हसले. खरं सांगतो, मला त्याचा रागच आला. गोऱ्यानं भला माणूस असू नये असं वाटलं मला.

मॅच बरोबरीत आली होती. चेंडू गोलाकडं आला, त्यानं आडवी उडी घेतली आणि आमचा दणकट गडी धावता धावता त्याच्यावर कोसळला. चूक कुणाचीच नव्हती. तो उठून बसला तर उजवा हात भलताच लोंबत होता. मी बघताक्षणीच ओळखलं, खांदा निखळलाय. ताजा सांधा म्हणजे क्षणाचं काम.

हलगीवाल्याचा हात आपसूक थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात मागून आरोळी उठली, "लय भारी! मोडला रं मोडला! भारतमाता की जय!" टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या. माझ्या डोळ्यांपुढं चुलतभावाची बोटं आली.

"थांबलास का? वाजव!" मी खेकसलो.

"आवं, पर त्याचा खांदा..."

"वाजव म्हणतो न्हवं!"

त्यानं वाजवली. तो गोरा पोरगा आमच्याकडं बघत बसला. छावणीत त्या दिवशी डॉक्टर नव्हता. दोघा सोजिरांनी त्याला लॉरीत घातलं आणि पुण्याला न्यायला निघाले. नंतर आम्ही गोल मारला, जिंकलो. ओरडून माझा घसा बसला.

वस्तादांची खोली मैदानाला लागूनच होती. सांजच्याला गेलो तर ते भिंतीला टेकून बसलेले. चेहरा खुलला होता.

"बरं झालं गड्या. पडल्या पडल्या ऐकत हुतो. हलगी मधी जराशी अडखळली, पर थांबली न्हाई. म्हंजी कुणाला लागलं न्हाई."

मी म्हणालो, "न्हाई, वस्ताद."

"गोऱ्याला लागलं असतं तरी थांबवली असतीस न्हवं?"

"व्हय तर."

"मग झालं. माझं पोरगं तिकडं परमुलखात लढाईत हाय. त्याला काय झालं तर तिथं हलगी कोण थांबवंल, कुणास ठावं."

त्यांचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. मला पाय धरून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर पडलो. दुसऱ्याही कुणी त्यांना सांगितलं नाही. आजारी माणसाला कशाला, म्हणायचे.

महिन्याभरानं छावणीची धुणी नेणाऱ्या परटानं सांगितलं, त्या गोऱ्याचा हात खांद्याच्या वर जात नाही. वाटेत मांस सुजलं, बसवायला उशीर झाला. घरी तो सुतार होता म्हणे. सुताराचा उजवा हात! तुरुंगात बोटं ठेचलेला माझा भाऊही सुतारकामच करायचा. कुणाचा सूड मी कुणावर उगवला होता?

दसरा आला. वस्ताद काठी टेकत तालमीत आले. सगळ्यांसमोर त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्यो असला की मला घोर न्हाई. ह्यो हलगी थांबवंल." मग त्यांनी हलगीवाल्याला हाक मारली, "वाजव रं आता!"

हलगीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. अगदी त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

मी मान खाली घातली. त्यानं वाजवली.

पुढं पन्नास वर्षं त्या वाटीतल्या तेलानं मी लोकांचे सांधे बसवले.