सर्जनांना चिडवायची नोकरी

देवासच्या कुसुमावती इंदापूरकर यांनी मुद्दाम कोणाला चिडवलं, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या फक्त सुधारणा सुचवायच्या. मेथीची जुडी कशी बांधावी हे भाजीवाल्याला, घंटा किती जोरात वाजवावी हे पुजाऱ्याला, तिकीट कसं फाडावं हे हाटपिपल्याच्या बसमधल्या कंडक्टरला त्या आपुलकीनं सांगत. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर सांगायला वेळच वेळ. त्या कोपऱ्यावर दिसल्या की गल्लीतल्या माणसांना एकदम कामं आठवायची. देवासची माणसं फार कामसू आहेत, असं कुसुमावतींचं मत झालं होतं.

त्यांची भाची वल्लरी एका खाजगी इस्पितळात सर्जन मंडळींना डोकं शांत ठेवायला शिकवायची. ऑपरेशनमध्ये काही बिनसलं की हात थांबवायचा, श्वास घ्यायचा, मनात काय चाललंय ते आपल्या भाषेत मोठ्यानं म्हणायचं आणि मगच पुढचा टाका घालायचा. सरावासाठी रबराचं पोट आणलेलं. अडचण एवढीच होती, की रबराच्या पोटावर कोणी चिडेना. वल्लरीनं मोठ्यानं रेडिओ लावून पाहिला, तर डॉक्टर तालावर टाके घालू लागले. तेव्हा तिला आत्या आठवली.

"तू नुसती शेजारी उभी राहा आणि सुचेल ते बोल," एवढंच तिनं आत्याला सांगितलं.

पहिल्या डॉक्टरला कुसुमावतींनी टाके तिरके पडताहेत हे दाखवून दिलं. त्यानं चिमटा भिरकावला, तो पंख्याला लागून परत त्याच्याच टोपीवर पडला. दुसरे डॉक्टर वयानं मोठे. त्यांना कुसुमावतींनी केस का गळले ते विचारलं आणि त्यावर तेलही सांगितलं. ते हातमोजे काढून खाली गेले आणि आपल्या गाडीत काचा वर करून बसून राहिले. वल्लरी भलतीच खूश झाली. कुसुमावतींना मात्र या डॉक्टरांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

मग आला मनन. धारच्या जुन्या मराठी घरातला मुलगा, पण शाळा सगळी हिंदीत झालेली. कुसुमावतींनी टाके, केस, लग्न, सगळं काढलं. मननचा हात थांबला. त्यानं लांब श्वास घेतला आणि शिकवल्याप्रमाणे शांतपणे म्हणाला, "काकू, मला राग येऊन राहिला आहे." आणि टाका घातला.

"येतो आहे म्हण," कुसुमावती म्हणाल्या.

मनन पुन्हा थांबला. श्वास घेतला. "आता जास्त येऊन राहिला आहे."

त्यांनी वाक्य फोडून समजावलं, क्रियापद वेगळं काढून दाखवलं. तो मान डोलवायचा, श्वास घ्यायचा आणि तेच म्हणायचा. टाके मात्र एकसारखे पडत होते. कुसुमावतींच्या कानशिलाशी ठणकू लागलं. शेवटी त्यांनी टेबलावर असा हात आपटला, की रबराचं पोट उडून जमिनीवर पडलं. मनन मांडी घालून त्याच्याशेजारी बसला आणि राहिलेली शिवण पुरी करू लागला.

वल्लरीनं आत्याचा खांदा धरला. थांब, श्वास घे, मनात काय आहे ते बोल, असं तिनं हळूच सांगितलं.

कुसुमावतींनी डोळे मिटले. श्वास घेतला. खोलीतले सगळे वाट पाहत होते.

"मला राग येऊन राहिला आहे," त्या म्हणाल्या, आणि ऐकून स्वतःच खुर्चीत बसल्या. मननला हसू आवरेना. त्या दिवशी त्याचा तेवढा एकच टाका चुकला. मग त्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

वल्लरीनं त्यांना सोडलं नाही. पुढे मनन धारच्या इस्पितळात लागला, तेव्हा तिथेही असाच वर्ग सुरू झाला आणि त्यानं काकूंना खास बोलावून घेतलं. दर गुरुवारी त्या इंदूरमार्गे धारला जातात. त्यांचे यजमान शरदराव आदल्या संध्याकाळीच त्यांची पिशवी भरून ठेवतात, सकाळी स्टँडवर सोडतात, खिडकीची जागा मिळवून देतात. बस दिसेनाशी झाली, की ते जवळच्या हातगाडीवर जाऊन पोहे घेतात आणि कोणाशी चकार शब्द न बोलता सावकाश खातात.