चाचांनी न विकलेली गोळी

शनिवार, १४ जून. मेडिकलवर हजर: दुकान चालवणारे चाचा, मी म्हणजे होस्टेलची रेक्टर, शेजारच्या शिलाई दुकानातली भाभी आणि माझ्या लातूरच्या होस्टेलवरची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी.

चाचा प्रत्येक औषधाची एक्स्पायरी दोनदा मोठ्याने वाचतात. मुली आल्या की मात्र त्यांचा आवाज उतरतो आणि नजर कपाटाकडे वळते. मुलीने मागे उभ्या असलेल्या मला पाहिले नव्हते. तिने संबंधानंतर बहात्तर तासांत घ्यायची गोळी मागितली.

"कधीची गोष्ट, बेटा?"

"पाळी चुकून आठ दिवस झाले."

"मग ही गोळी आता काम करत न्हाई. मी देणार न्हाई. ही दिवस गेलेत का ते तपासायची पट्टी घे, सकाळच्या पहिल्या लघवीत बघ. काय बी निघू दे, डॉक्टरीणबाईकडं जा. घाबरू नको, इलाज हाय."

मुलगी वळली आणि मला पाहून पांढरी पडली.

"लई तोंड उतरलंय पोरीचं. काय झालं ओ?" भाभींनी विचारले.

"ॲसिडिटी. तुम्हाला बी देऊ का?" मग चाचा मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही उद्या या."

दुकानातून मला असे कुणी कधी घालवले नव्हते. मी निघाले. चाचांचे बरोबर होते.

होस्टेलच्या माझ्या कामांच्या वहीत 'मुलींशी पाळी आणि गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल बोलणे' हे काम दोन वर्षांपासून लिहिलेले आहे. त्याच्यापुढे अजून झाल्याची खूण नाही.