तपासणीकाकूंच्या घरचे उंदीर

तपासणीकाकू कोणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी वास घेत. ‘या, बसा’ म्हणणाऱ्या घरच्या बाईकडे त्यांचं लक्ष नसे. दारातच थांबून, मान जराशी वर करून त्या एक लांब श्वास ओढत आणि चपला काढता काढता निकाल देत, ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ त्या क्वचितच म्हणत. काय आहे, हे आमच्या ब्लॉकमध्ये कोणी विचारत नसे. भोपाळमधल्या आमच्या टाऊनशिपमध्ये उंदीर नसलेलं क्वार्टर एकच, ते म्हणजे काकूंचं, आणि ही गोष्ट काकूंनीच जाहीर केलेली होती.

काका कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांनी पास केल्याशिवाय एकही सुटा भाग पुढे जात नाही, असं बाबा सांगायचे. मला ते खरं वाटत नसे, कारण काका स्वभावाने इतके गरीब, की एखादा भाग नापास करताना त्यांनी त्याची क्षमाच मागितली असती. घरी आले की ते खुर्चीत बसत, चहा पीत आणि वर्तमानपत्रामागे नाहीसे होत. तेव्हा तपासणी हे नाव ब्लॉकने काकूंना दिलं. अर्थात त्यांच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत कोणातच नव्हती.

‘उंदराला घर कळत नाही, बाई कळते,’ असं त्यांचं मत होतं. उंदीर कुठून येतो, हा प्रश्नच त्यांना मान्य नव्हता. कोणामुळे येतो, एवढंच त्या बघत. मग स्वयंपाकघरात शिरून डबे उचलून बघणं आलं, गॅसच्या शेगडीखाली बोट फिरवणं आलं, आणि ते बोट सगळ्यांना दाखवणं आलं. आमच्या कणकेच्या डब्याचं झाकण त्यांनी एकदा हातात घेऊन विचारलं होतं, ‘सुमन, हे झाकण आहे की टोपी?’ काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. आई पुण्याची, आणि आपण पुण्याच्या आहोत हे ती सहसा कोणाला विसरू देत नसे. ग्वाल्हेरच्या बाईने पुण्याच्या बाईला स्वच्छता शिकवावी, हे तिला मरेपर्यंत पचलं नसतं.

पुरुषांची तर काकू दखलही घेत नसत. आमच्याकडे उंदीर मारायची पद्धत नव्हती. दहा दिवस ज्याच्या वाहनाला हात जोडायचे, त्याच वाहनाला अकराव्या दिवशी कसं मारायचं, असा मराठी मंडळाचा धार्मिक पेच होता. त्यामुळे पिंजऱ्यात उंदीर सापडला की घरचा कर्ता पुरुष सकाळी ड्यूटीवर जाताना पिंजरा स्कूटरच्या पुढ्यात ठेवी आणि पलीकडच्या सेक्टरमध्ये कोणाच्या तरी कुंपणाशी दार उघडी. पलीकडच्या सेक्टरमधले कर्ते पुरुषही काही कमी धार्मिक नव्हते. तेही पिंजरे घेऊन आमच्याकडे येत. एवढी शिकलेली, देशासाठी अजस्र यंत्रं उभारणारी ही माणसं वर्षानुवर्षं तेच उंदीर इकडून तिकडे नेत होती आणि संध्याकाळी बायकोला ‘सोडला एकदाचा’ म्हणून छाती फुगवून सांगत होती. काकू म्हणत, ‘तुम्ही उंदीर काढत नाही, त्याची बदली करता.’

एकदा पुण्याहून माझी मावशी आली होती. काकू आल्या, दारात थांबल्या आणि मावशीच्या देखत म्हणाल्या, ‘आहे. आणि पिल्लंही आहेत.’ आईचा चेहरा उतरला. मावशी तोंडावर पदर धरून हसली, ते आईला जास्त लागलं. पण काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी आमचं अख्खं स्वयंपाकघर अंगणात काढलं. ‘कितना फैलावा करून ठेवलाय बाई,’ असं पुटपुटत मोरीच्या पाइपाशेजारचं भोक शोधलं, फुटक्या बरणीच्या काचा आणि सिमेंट कालवून स्वतःच्या हाताने बुजवलं. दुपार उलटून गेली. आईने केलेल्या चहाला त्यांनी स्पर्शही केला नाही, कपाला वास येतो म्हणून. त्यानंतर आमच्या घरात कित्येक महिने उंदीर फिरकला नाही. मला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या. हे घरात बोलायची मात्र सोय नव्हती.

निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून आल्यावर बाहेरच्या खोलीत त्यांची खाट पडली, दाराला जाड पडदा लागला आणि काकूंचं घरोघर जाणं थांबलं. भेटायला येणाऱ्यांना त्या पडद्याशीच उभं करत. ‘ठीक आहेत, झोपलेत,’ एवढंच सांगत. ब्लॉकने चार दिवस हळहळ केली, आणि मग, खरं सांगायचं तर, ब्लॉक सुखावला. बायका कणकेचे डबे उघडे ठेवून गप्पा मारायला लागल्या.

त्या थंडीत मी आणि आई टी. टी. नगरच्या बाजारात स्वेटरसाठी लोकर घ्यायला गेलो होतो. लोखंडी सामानाच्या एका दुकानाशी काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या. ‘भैया, ऐसा दो जिसकी आवाज न हो,’ असं त्या दुकानदाराला सांगत होत्या, आणि तो काउंटरवर उंदराचे पिंजरे मांडत हसत होता. ‘अम्माजी, खटका गिरेगा तो आवाज तो होगी.’ टाऊनशिपच्या बाजारात पिंजरा घेतला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, म्हणून काकू नवऱ्यापाशी कोणाला तरी बसवून बसने इतक्या लांब आल्या होत्या. वळल्या तर समोर आम्ही. ‘बहिणीला पाठवायचाय, ग्वाल्हेरला,’ त्या म्हणाल्या. ग्वाल्हेरला पिंजरे मिळत नाहीत, यावर आईने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विश्वास ठेवला.

परतीच्या बसमध्ये आई इतकी खूश होती, की लोकर घ्यायची राहिली हे तिच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी बातमी अख्ख्या ब्लॉकभर झाली. तपासणीकाकूंकडे उंदीर! ज्यांच्या डब्यांवर बोट फिरलं होतं त्या सगळ्याजणी एकदम धार्मिक झाल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. काकू येऊ शकल्या नाहीत, तेव्हा आपणच त्यांना तिळगूळ द्यायला जाऊ, असं ठरलं. इतकी आपुलकी त्या बायकांनी आजारपणात दाखवली असती तर बरं झालं असतं. मी तेव्हा कॉलेजात होते. तबक धरायला मला सोबत घेतलं.

संध्याकाळ होत होती. काकूंनी दार उघडलं आणि अडवायच्या आत आम्ही पडदा सारून आत होतो. आई दारातच थांबली, मान वर केली आणि चक्क वास घेतला. काकूंनी ते पाहिलं.

काका खाटेवर उशांना टेकून जेवत होते. मांडीवर ताट, डाव्या हातात घास. हात तोंडापर्यंत जाताना अर्धा भात चादरीवर, जमिनीवर सांडत होता. सांडलेलं ते बोटांनी चाचपून उचलत आणि पुन्हा तोंडाकडे नेत. खाटेच्या पायापाशी एक उंदीर निवांत बसून शितं खात होता. आम्ही इतकी माणसं शिरलो तरी तो हलला नाही. आतलं स्वयंपाकघर मात्र दारातून दिसत होतं तेवढं लखलखीत होतं.

शेजारच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं, ‘अहो, तुम्ही भरवत का नाही त्यांना?’

काकूंनी आम्हाला आत, स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. ‘भरवत होते,’ त्या हळू म्हणाल्या. ‘तोंड मिटून भिंतीकडे बघायचे. आता स्वतःच्या हाताने जेवतात. मी मध्येच केरसुणी घेतली तर त्यांना कळतं सांडलंय ते, मग ताट ढकलतात. म्हणून झोप लागेपर्यंत मी झाडत नाही.’

पिंजरा लावून पाहिला होता. खटक्याच्या आवाजाने काका दचकले आणि ताट पालथं झालं. पिंजरा आता माळ्यावर होता. विषाच्या गोळ्या ठेवायच्या तर काकांचा हात कुठे चाचपेल याचा नेम नव्हता. एवढं सांगून झाल्यावर त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. ‘उंदीर माझ्या घरचे आहेत. मी बघेन. तिळगूळ ठेवा आणि निघा, त्यांना इतकी माणसं बघून घास गिळवत नाही.’

घरी आल्यावर आई रडली, आणि रडताना स्वतःवर न चिडता कुलकर्णीबाईंवर चिडली. त्यानंतर ब्लॉकमध्ये कोणी विचारलं तर ती ठणकावून सांगायची, की काकूंकडे कसले उंदीर, तो पिंजरा ग्वाल्हेरचा होता. एकदा तिने काकांसाठी खीर पाठवली. काकूंनी वाटी परत केली ती निरोपासकट. खीर बरी होती, वाटी नीट घासत जा.

काका पुढच्या पावसाळ्यापूर्वी गेले. क्वार्टर रिकामं करायचं होतं, काकू बहिणीकडे जाणार होत्या. निघायच्या दिवशी आई आणि मी सामान बांधायला गेलो. बाहेरच्या खोलीतली खाट उभी करून भिंतीला लावली होती आणि फरशी कोरडी, स्वच्छ होती. काहीतरी बोलायचं म्हणून आई बोलून गेली, ‘वहिनी, उंदीर गेले वाटतं सगळे.’

‘जेवणारा गेला,’ काकू म्हणाल्या. ‘ते तरी कशाला थांबतील?’

आईने त्यांच्याशेजारी बसून त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. काकूंनी तो थोडा वेळ धरू दिला आणि मग खाली बघून म्हणाल्या, ‘पोळ्या लाटून तशीच आलीस ना? कणीक लागलीय बोटांना. धुऊन ये आधी.’

आई उठली नाही.