कानामागची नळी

माझ्या बहिणीनं माझ्या बायकोच्या अंगावर उकळत्या चहाचं पातेलं फेकलं, तेव्हा आमच्या मेडशीच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू होती. सकाळची वेळ. बायको एवढंच म्हणाली होती, "बाई, तोंड धुवा, चहा झाला." तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ती ओरडलीसुद्धा नाही, धावत जाऊन हात पाण्याच्या टाक्यात बुडवून उभी राहिली. मी विळा घेऊन शेतात निघालो होतो. विळा टाकला आणि काही न विचारता बहिणीच्या कानशिलात ठेवून दिली. उजव्या बाजूला. पुढं कितीतरी दिवस मला ती बाजू आठवत राहिली.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. जन्मली तेव्हा ठीक होती, मग डोकं वाढत गेलं आणि डोळे खाली ओढल्यासारखे दिसायला लागले. डोक्यात पाणी साचतं, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आठ महिन्यांची असताना त्यांनी तिच्या डोक्यातून कातडीखालून एक नळी काढून मानेवरून, छातीवरून पोटात सोडली. जास्तीचं पाणी त्या नळीतून पोटात उतरतं आणि तिथं जिरतं. उजव्या कानामागं चिंचोक्याएवढा उंचवटा होता, तो त्या नळीचा व्हॉल्व्ह. माय वेणी घालताना त्याच्या बाजूनं कंगवा फिरवायची.

बहीण सावकाश शिकली, पण दहावी झाली. मग घरीच ब्लाउज शिवायला लागली. गावातल्या बाया तिच्याकडं यायच्या, कारण हात साफ होता आणि तोंडात वाईट शब्द नव्हता. अशी ती. म्हणून तिनं चहा फेकला तेव्हा मला राग आला, आश्चर्य वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

खरं म्हणजे महिनाभरापासून तिचं बिनसलं होतं. सकाळी उठली की डोकं दोन्ही हातांनी दाबून बसायची. मळमळ नाही, काही नाही, एकदम भडकन उलटी व्हायची. दुपारपर्यंत बरं वाटायचं. मी म्हणायचो, पित्त आहे. माय असती तर म्हणाली नसती. मायनं आम्हाला कितीदा सांगून ठेवलं होतं, "इचा सोभाव बदलला, का उलट्या लागल्या, का दिवसा झोपाले लागली, तं घरी ठेवू नोका." पण माय जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि पंचवीस वर्षं चाललेली नळी आता काय बिघडणार, असं मला वाटत होतं.

चहा फेकला त्याच दिवशी बायकोच्या आग्रहानं बहिणीला एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी कानामागचा उंचवटा बोटानं दाबला, सोडला. तो वर आला.

"चालू आहे," ते म्हणाले. "टेन्शन घेऊ नका."

पित्ताच्या आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. मी निश्चिंत झालो. नळी चालू, म्हणजे पोरगी नाटक करते. माझा हिशोब इतका सरळ होता.

त्यानंतरचे चार दिवस घरात मारामारीच होती. तिनं कपाटाचा आरसा फोडला. बायकोच्या खांद्याला चावली, रक्त निघेपर्यंत. शेजारीण शिवायला दिलेलं कापड मागायला आली, तर तिच्या अंगावर इस्त्री उगारली. चौथ्या दिवशी दुपारी मी तिच्या हातातून कापडाची कात्री काढून घ्यायला गेलो. तिनं ती फेकली. माझ्या भुवईवर लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

मग मी माणसात राहिलो नाही. दाराशी बैल हाकायची काठी होती, ती घेतली. पाठीवर मारलं, दंडावर मारलं, पायांवर मारलं. ती मला ढकलत होती, ओरबाडत होती, आणि मध्येच डोकं धरून खाली बसत होती. ती बसली की मला वाटायचं ही हरली, आणि मी आणखी मारायचो. फाटकाशी पाच-सात माणसं जमली होती. एक म्हातारा म्हणाला, "हे बाहेरचं हाये बापा. बांधून ठेव, नाही तं कोनाचा जीव घेईन." मी गोठ्यातलं दावं आणलं आणि तिचे हात मागं करून ओसरीच्या खांबाला बांधले. माझी बहीण. गाठ मारताना मी गुडघा तिच्या पाठीत रोवला होता.

ती खांबावर डोकं आपटायला लागली. मागं, पुन्हा मागं. खांब सागाचा होता, आवाज घुमायचा. बायको धावत आली आणि तिनं आपला भाजलेला हात डोकं आणि खांब यांच्या मध्ये घातला. फोड फुटले. तरी हात काढला नाही.

"सोड तिले!" मी ओरडलो.

"काहून सोडू? अन् तुमी मारून काय केलं?" ती म्हणाली. मग तिनं बहिणीचे केस बाजूला सारले. तिची बोटं बहिणीच्या मानेवर थांबली होती. "अहो, इकडं या. हे पाहा. हे काय हाये?"

कानाच्या खाली, मानेवर, नळीच्या वाटेनं कातडी फुगली होती. दाबली की मऊ लागायची, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी.

लहानपणी हिचे डोळे खाली ओढले होते, हे मायनं बायकोलाही सांगितलं होतं. तिनं बहिणीची हनुवटी धरली. "बाई, वर पाहा. माह्या कपायावरच्या टिकलीकडं पाहा." बहिणीनं प्रयत्न केला. डोळे अर्ध्यावर येऊन थांबले. वर जाईचनात.

"इले वर दिसून नाही राह्यलं," बायको म्हणाली. "हे भांडून नाही राह्यली हो. इचं डोकं फुटून राह्यलं."

मी गाठ सोडायला गेलो, तर ती तिच्या हिसक्यांनी आवळली होती. शेवटी विळ्यानं दावं कापलं.

शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून आम्ही अकोल्याला निघालो. बायकोनं मायच्या पेटीतून जुन्या कागदांचं मोठं पाकीट बरोबर घेतलं होतं. मी म्हटलं, "ते कायले?" तिनं ते मांडीखाली दाबून ठेवलं. सुरुवातीला बहीण लाथा मारत होती. वाटेतलं पातूर जवळ आलं तशी तिनं लाथा मारणं सोडलं. हाक मारली तरी डोळे उघडेना. चार दिवस ती शांत व्हावी म्हणून मी तिला मारत होतो, आणि आता ती शांत झाली होती तर मी तिच्या गालावर चापट्या मारत होतो, उठ म्हणून.

दवाखान्यात तिच्या डोक्याचा सीटी स्कॅन केला. डॉक्टर तरुण होते. पडद्याकडं पाहत म्हणाले, "डोक्यातल्या पोकळ्या मोठ्या आहेत. पण अशा पेशंटच्या त्या कायमच्याच मोठ्या असू शकतात. आधीची फिल्म आहे का?"

बायकोनं पाकीट पुढं केलं. सहा वर्षांपूर्वी एकदा ती पडली होती, तेव्हा मायनं काढून आणलेली फिल्म त्यात होती. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी लावल्या. मला काही वाचता येत नव्हतं, पण फरक मलाही दिसला. काळी जागा जवळपास दुप्पट झाली होती.

मग मान, छाती आणि पोटाचे एक्स-रे काढले. नळीची पांढरी रेघ कानापासून खाली येत होती, मानेत एकदम संपत होती, आणि दोन बोटं सोडून खाली पुन्हा सुरू होत होती. मध्ये काही नव्हतं. पाणी पोटात न जाता मानेत जमत होतं, आणि उरलेलं डोक्यात.

"पन एका डॉक्टरनं बटन दाबून पाह्यलं होतं," मी म्हणालो. "चालू हाये म्हने."

"दाबून कळत नाही," ते म्हणाले. "दाबलं तर वर येतं, दाबलं तर वर येत नाही, दोन्हीवर भरवसा ठेवता येत नाही. डोकेदुखी, उलट्या, झोप, वागणं बदलणं, हे पाहायचं. आणि लगेच फोटो काढायचे."

त्यांनी उंचवट्यात बारीक सुई घातली आणि तिला एक उभी नळी जोडली. पाणी त्या नळीत वर चढायला लागलं आणि चढतच राहिलं. ते हलक्या हातानं थोडं पाणी काढत गेले. थोड्या वेळानं बहिणीनं डोळे उघडले आणि "वयनी" म्हणाली.

ऑपरेशनला नेण्याआधी डॉक्टरांनी तिच्या दंडाकडं पाहिलं. "हे वळ कशाचे?"

बायको माझ्याकडं पाहत होती. "मी मारलं," मी म्हणालो. त्यांनी ते कागदावर लिहिलं. मी विचारलं, "माह्या थापडीनं तुटली काय नळी?"

"नाही. तुटलेल्या टोकांवर चुना चढलाय. जुनी नळी कडक होते आणि मान हलून हलून तुटते. महिना-दोन महिने झाले असतील." मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तसं वाटलं याची इतकी लाज वाटली की मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. नळी मी तोडली नव्हती. पाठ मात्र मीच फोडली होती, ते पाहायला कुठल्या फिल्मची गरज नव्हती.

नळी बदलली. आठव्या दिवशी ती घरी आली. तिला त्या महिन्यातलं तुटक तुटकच आठवत होतं. एकदा मनगटं पुढं करून तिनं विचारलं, "दादा, हे कायचं हाय?" बायको घरात नव्हती, मला खोटं बोलता आलं असतं. मी खांब दाखवला, दावं सांगितलं, काठी सांगितली. ती ऐकत राहिली आणि उठून आत गेली.

तीन आठवडे माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी ताट वाढलं तर जेवायची नाही. वयनीचा हात धरून रडली, त्या भाजलेल्या हाताला रोज मलम लावायची, मला मात्र तिनं वगळून टाकलं. मग एक दिवस शिलाई मशीनवर पाय मारता मारता म्हणाली, "आता पुन्हा तसं झालं तं पह्यले माहे डोये पाह्यजो. मंग मारजो."

मी म्हणालो, "नाही मारत."

"पाह्यजो म्हनलं मी," ती म्हणाली.

आज तिच्या मशीनच्या वर भिंतीला नव्या स्कॅनचं पाकीट खिळ्याला टांगलेलं असतं. सोबत एका चिठ्ठीवर तिनं स्वतःच्या अक्षरात काय झालं की कुठं न्यायचं ते लिहून ठेवलंय. गेल्या हिवाळ्यात तिला पुन्हा उलट्या झाल्या. तिनंच पाकीट काढलं आणि म्हणाली, "दादा, गाडी सांग." अकोल्यात फोटो काढले, जुन्या फोटोशी जुळवले. नळी ठीक होती, साधा ताप होता. परतीच्या एसटीत तिला खिडकीजवळ बसवलं. काच बंद करायला मी तिच्या डोक्यावरून हात नेला, तर तिनं झटकन मान खाली घातली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. मी हात मागं घेतला. वारा गार होता. थोड्या वेळानं तिनं स्वतःच काच लावली.