अंदाज बांधणारी कमल

फोन आला तेव्हा मी हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. पलीकडे मीनल होती, कमलची मुलगी. "मावशी, आई गेली... पहाटे," एवढंच म्हणाली. उपचारासाठी कमल हैदराबादला मुलीकडे गेली होती, तिची तब्येत किती उतरली होती हे मला ठाऊक होतं; तरी भाजी तशीच राहिली. त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, हळू आवाजात विचारपूस करतात. दुःख तर आहेच. पण खरं सांगायचं तर कमलची आठवण निघाली की मला रडू येण्याआधी हुरूपच येतो. परभणीच्या स्टेशनवर सिकंदराबादची गाडी थांबली की पिशवी फलाटावर टेकायच्या आत तिचं बोलणं सुरू झालेलं असायचं. "शकू, ऐक, लय भारी गंमत झाली..." आणि मग घर येईपर्यंत रिक्षावालासुद्धा मान वळवून ऐकायचा.

आम्ही भेटलो परभणीच्या मुलींच्या वसतिगृहात. ती बोरीची, चांगल्या बागायतदार घरची. मी पूर्णेकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध कुटुंबातली. दोघींचा विषय गणित, खोली एक. ते अठ्ठ्याहत्तर साल होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून मराठवाडा पेटला, गावोगावी आमच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. एसटी बंद पडली आणि माझ्या घरच्यांची खबर कित्येक दिवस मिळेना. वसतिगृहात काही मुलींनी गुपचूप खोल्या बदलून घेतल्या. अशात एक दिवस कमलचे काका मोटारसायकलवर आले. "कमे, सामान आवर. दुसरी खोली बघितलीय तुला. न्हाई तर घरी चल." कमल दारातच उभी राहिली. म्हणाली, "काका, माझी पुस्तकं हितंच हायत, शकूबी हितंच हाय. मी कुठं जाऊ?" काकांनी बराच वेळ समजावलं, मग चिडून निघून गेले. ती आत आली, पुस्तक उघडलं आणि मला म्हणाली, "कुठवर आलो होतो आपण?" त्या दिवशी आम्ही संभाव्यतेचं पूर्ण प्रकरण संपवलं. माझ्या घरचे सुखरूप असल्याचा निरोप पुढच्या आठवड्यात आला, तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त नाचली.

पुढं मी परभणीलाच शेतीच्या आकडेवारीच्या कामावर लागले. कमल हैदराबादला शिकली, संगणकाच्या नादाला लागली आणि सिकंदराबादजवळ लष्करासाठी काम करणाऱ्या एका संस्थेत रुजू झाली. तिथं सिम्युलेटर बनवत, म्हणजे रणगाड्याच्या आतल्या भागाची हुबेहूब नक्कल. शिकाऊ जवान आत बसला की समोर पडद्यावर रान दिसतं, चालवलं की ते हलतं, नेम चुकला तर चुकल्याचं कळतं, आणि कोणाला खरचटतही नाही. बोरीत या नोकरीची मोठी चर्चा झाली. तिचे आबा एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "खोट्या रणगाड्याला सरकार एवढा पैसा कशाला घालायलंय?" कमल म्हणाली, "आबा, नवा गोऱ्हा पहिल्यांदा जुंपता तवा उभ्या पिकात नेता का?" आबा हसले. "न्हाई, पडीक रानात फिरवतो." "मग आमी पडीक रान बनवतो, आबा." त्यानंतर आबा जो भेटेल त्याला सांगत, आमची कमल सरकारला पडीक रान करून देती.

पहिल्या सिम्युलेटरचं काम मात्र भलतंच लांबलं. रणगाड्याची नक्कल करणारी पेटी, पडदा, यंत्रं वेळेवर तयार झाली; अडलं ते सॉफ्टवेअर. त्याला ना सिमेंट लागतं ना लोखंड, त्याचा खर्च म्हणजे माणसांचे महिने. ते महिने किती लागतील हे ठरवताना, कमल सांगायची, साहेब बैठकीत एकेकाला विचारत. जो तो मनाशी काहीतरी धरून आकडा बोले. त्यांची बेरीज होई. आणि एवढ्याला वरून मंजुरी मिळणार नाही म्हणून ती बेरीज पुन्हा छाटली जाई. प्रत्यक्षात काम त्याच्या दुपटीच्याही पुढं गेलं. ते रखडत असताना जवानांच्या तुकड्या खऱ्या रणगाड्यांवरच शिकत राहिल्या. अशाच एका सरावात एका जवानाचा पाय चिरडला. तो आमच्या सोनपेठकडचा आहे असं कळल्यावर कमल त्याला दवाखान्यात भेटायला गेली. आपली बोली ऐकून पोरगं खुललं. "ताई, तुमी आमच्याकडच्या का?" घरचं बोलणं झालं, गोदावरीच्या पाण्याचं झालं. ती कुठं काम करते हे ऐकल्यावर त्यानं अगदी सहज विचारलं, "ते शिकायचं मशीन येणार येणार म्हणायलेत, कधी येणार हो?" विचारून सांगते, असं कमल म्हणाली. पण संस्थेत खरंच कोणालाच ते माहीत नव्हतं.

रजा टाकून ती परभणीला आली ती अशी, गप्प. कमल गप्प आहे हे मला सहन होईना. ज्वारीची सुगी चालू होती आणि मला ताडकळसला पीक कापणीच्या प्रयोगाला जायचं होतं. मी तिला सोबत घेतलं. हा प्रयोग साधा असतो. आणेवारी म्हणजे पीक किती आलं याचा नजरेनं बांधलेला अंदाज; त्यावर विसंबायला नको म्हणून काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्यातला ठरावीक मापाचा तुकडा दोरी लावून आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. बसमधून उतरल्यापासून गावातली माणसं सांगत होती, "बाई, यंदा काई न्हाई, सगळं गेलं." कमलनं कानाशी येऊन विचारलं, "खरंच गेलं का गं?" मी म्हटलं, "पीक कमी लागलं तर शेतसारा माफ होतो, सूट मिळते. मग कोण जास्त सांगेल?" ती चालता चालता थांबली. "आमच्याकडं कमी सांगितलं की मंजुरी मिळते," म्हणाली. "म्हणजे अंदाज चुकत नाहीत शकू. ते वाकवलेले असतात."

वावरात पोचलो. आकड्यांच्या तक्त्यावरून जागा काढली तर ती नेमकी विहिरीजवळ आली, जिथं कणसं हाताएवढी होती. शेतकरी अजिजीनं म्हणाला, "बाई, हितं नका घेऊ, तिकडं दगडगोट्यात घ्या की. समदं रान तसंच हाय." मी म्हटलं, "काका, आकडा म्हणंल तिथंच. मला वाटलं म्हणून इकडं तिकडं सरकवता येत न्हाई." खुंट्या ठोकायला लागले तोवर कमल बांधावरून खाली उतरली होती. "थांब. तू आता काय करायलीस ते मला पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. तिचे डोळे लकाकायला लागले. "आमी नेमकं उलटं करतो. सगळ्यात सोप्पा तुकडा आधी करून दाखवतो, पडद्यावरचे डोंगर, आभाळ, झाडं. ते चार आठवड्यात झालं की उरलेल्याला त्याच मापानं गुणतो. गोट्यातला तुकडा कुणी कापूनच बघत न्हाई."

मळणी झाली, दाणे तोलले. मी त्यातले थोडे पिशवीत भरून वेगळे ठेवले. "हे कशाला?" "वाळवायला. आताचं वजन ओलं आहे. उन्हात वाळवून पुन्हा तोलायचं, तेच धरायचं." कमल चक्क त्या धसकटांत खाली बसली. त्यांच्याकडं प्रोग्रॅम लिहून झाला की काम झालं असं धरत. मग तो लष्कराच्या शिक्षकापुढं जाई, तो म्हणे रणगाडा असा वळत नाही, चुका निघत, दुरुस्त्या होत, आणि त्यात पहिल्याइतकाच वेळ जाई; तो कुठंच धरलेला नसे. "आमी ओल्या वजनावर चाललोय, शकू," ती म्हणाली. परतीच्या बसमध्ये जागा नव्हती. दांड्याला लोंबकळत ती पूर्ण वाट बोलत राहिली, आणि मीही. अशी धुंद दुपार माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

सिकंदराबादला नव्या सिम्युलेटरची तयारी सुरू होत होती, या वेळी तोफेच्या नेमबाजीचा. कमलनं साहेबांकडं मागणी केली: आधी अंदाज नको, कामाचे तुकडे पाडू, चिठ्ठ्या टाकून त्यातले काही निवडू, ते शिक्षकाच्या पसंतीपर्यंत पूर्ण करू, आणि लागलेले महिने मोजून मग बोलू. साहेब म्हणाले, "आणि तोवर वर काय सांगू? अंदाजाचाच सराव चाललाय म्हणून?" ती म्हणाली, "हो सर. जवानाला आपण आधी सरावच करायला सांगतो." साहेब चिडले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी परवानगी दिली.

त्या दिवसांत ती दर काही आठवड्यांनी रविवार गाठून परभणीला येई. या नव्या कामाबद्दल बाहेर बोलायची मनाई असल्यानं कोणता तुकडा काय आहे हे तिनं तेव्हा मला कधीच सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या बोलण्यात ती सगळी वावरंच होती. आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर बसून खडूनं मांडणी करायचो, माझ्या सासूबाई पाट घेऊन कडेकडेनं जायच्या. एकदा आकडे काही केल्या बसेनात. एकेका वावराला लागलेला वेळ नीट जुळत होता, पण दोन वावरं जोडून केली की वेळ उसळून वर जायचा. मी सहज म्हटलं, "बांधावर भांडणं असतील." कमलनं खडू खाली ठेवला. "पुन्हा म्हण..." वेळ जात होता तो एका तुकड्याचं दुसऱ्याशी जुळवण्यात. तोफ वळते आणि पडद्यावरचं रान क्षणभर मागं राहतं, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी, सगळं जुनं झाल्यावर सांगितलं. तिनं परत जाऊन बांधांच्याही, म्हणजे तुकड्यांच्या जोडण्यांच्याही, चिठ्ठ्या टाकल्या. एक आकडा द्यायचा नाही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा पट्टा द्यायचा, यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिला वाटे पट्टा दिला तर लोक हसतील. मी हटले नाही आणि शेवटी तिनं ऐकलं.

बैठकीची हकीकत तिनं मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथं होते असंच वाटतं. तिचा पट्टा इतरांच्या बेरजेच्या जवळजवळ दुपटीवर होता. खोलीत कोणी तरी हसलं. साहेब म्हणाले, "मॅडम, एवढं मागितलं तर प्रकल्पच होणार नाही." लष्कराकडून आलेल्या कर्नलनी मात्र तिचा तक्ता जवळ ओढून घेतला आणि विचारलं, "माझ्या शिकाऊ तुकड्यांचं वेळापत्रक मी कोणत्या आकड्यावर लावू?" ती म्हणाली, "सर, मंजुरी लहान आकड्याला लवकर मिळेल. पण वेळापत्रक माझ्या पट्ट्यावर लावा. मागच्या वेळी लहान आकड्यावर लावलं होतं. त्यातला एक मुलगा मला दवाखान्यात भेटलाय." मग कर्नल म्हणाले, "एवढा पैसा नाही मिळणार. पण यातलं काय नंतर केलं तर चालेल, ते बसून ठरवू." आणि खरोखरच ते बसले. रात्रीची नेमबाजी पुढं ढकलली, आणखी एकदोन गोष्टी वगळल्या आणि उरलेल्या कामाला तिचा पट्टा जसाच्या तसा मंजूर झाला.

पुढची वर्षं तिनं जीव टांगणीला लावून काढली. मधेच दोन चांगले लोक नोकरी सोडून गेले, ठरलेला संगणक उशिरा आला. ती म्हणायची, "पट्ट्याबाहेर गेलं तर या संस्थेत परत कुणी मोजून बघणार न्हाई, म्हणतील बाईचं खूळ होतं." चौऱ्याण्णवच्या जानेवारीत आमच्या कचेरीतल्या फोनवर तिचा आवाज आला. तिनं नमस्कार नाही, चमत्कार नाही, एवढंच म्हटलं, "शकू, आलं. पट्ट्यात आलं. पहिली तुकडी बसली आज." त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली होती, आमच्या वस्तीत दारोदार दिवे आणि निळे झेंडे लागले होते. मी कचेरीत पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं ते नामविस्ताराचे. होतेच. पण त्यात निम्मे कमलचे होते.

निवृत्तीनंतर ती परभणीलाच आली, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. रविवारी सकाळी कॉलेजातल्या मुली माझ्या ओसरीवर जमवायची. त्यांना प्रोग्रॅमिंग कमी आणि अंदाज बांधणं जास्त शिकवायची. कोणी म्हणालं की हे दोन दिवसांत होईल, की चष्म्यावरून बघत तिचा एकच प्रश्न असे, "कशावरून?" मुली वैतागायच्या, हसायच्या, परत मोजायला बसायच्या. आजारपणात ती हैदराबादला गेली तेव्हाही, मी येईपर्यंत वर्ग बंद ठेवू नकोस, असं बजावून गेली.

ती गेल्यानंतरच्या रविवारी मी सतरंजी घातली नव्हती. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. तरी मुली आल्या, चपला काढून अवघडून उभ्या राहिल्या. एकीनं स्वतःच आतून सतरंजी आणली. मग त्यांच्यातली सगळ्यात लाजरी मुलगी, ताडकळसहून बसनं येणारी, खालमानेनं म्हणाली, "माझा प्रकल्प महिन्याभरात होईल, असं मी सरांना सांगून आलेय."

"कशावरून?" बाकीच्या सगळ्या एकदम म्हणाल्या.

ती मुलगी हसली, तिनं डोळे पुसले आणि पिशवीतून पेन काढलं. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. ओसरीवर वाद सुरू झाला होता.