आडवी रेघ

परदेशात नर्सचं काम हवं असेल तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत एक आलेख समोर ठेवून वीस मिनिटांत त्याचं वर्णन लिहायला सांगतात. रक्त, इंजेक्शन, रात्रपाळी यांची मला कधी भीती वाटली नाही, पण या रेघांनी माझं धाबं दणाणलं होतं. कुठल्या तरी देशात चहाची विक्री वर गेली की खाली आली, याच्याशी मला काय घेणंदेणं? पण तेवढं नीट सांगता आलं नाही तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

नंदुरबारच्या क्लासमधले सर फळ्यावर रेघा काढत. चढती, उतरती, आडवी. आडवीला म्हणायचं 'रिमेन्ड स्टेबल'. "आडवी रेघ म्हणजे आराम," सर हसून सांगायचे. "तिथं काही घडत नाही. एक वाक्य लिहा आणि पुढं चला." त्यांचा दुसरा नियम असा, की दिसतं तेवढंच लिहायचं. कारण नाही, काळजी नाही, स्वतःचं मत तर मुळीच नाही.

मी तेव्हा दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी राहत होते, रनाळ्याजवळच्या एका गावात. नवरा सुरतेला नोकरीत. आई अंगणवाडीत सेविका, त्यामुळे मी क्लासला गेले की लेक तिच्याजवळ असायची. आईला पोरांची वजनं करताना मी लहानपणापासून पाहत आलेय. पोर काट्यावर, आकडा वहीत, मग ज्याच्या त्याच्या कार्डावरच्या तक्त्यात एक टिंब, आणि टिंबाला टिंब जोडून रेघ. तिथं आडवी रेघ म्हणजे आराम नव्हे. वाढत्या पोराचं वजन दोन महिने जागचं हललं नाही की आई त्या घरी जाऊन ठाण मांडायची आणि पोराला दवाखान्यात न्यायला लावूनच उठायची. "आडी रेघ म्हंजे पोर मांगे पडनं," म्हणायची.

परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी दुपारी पुस्तकातले आलेख संपले, म्हणून सरावाला मी कपाटातून लेकीचंच कार्ड काढलं आणि घड्याळ लावलं. 'रोझ स्टेडिली' लिहिलं, मग 'रोझ स्लाइटली'. रेघ चालली होती बरी, ठीक वजनाच्या हिरव्या पट्ट्याच्या तळाशी का होईना, पण वर. आकड्याशिवाय वाक्य लंगडं, असं सर म्हणायचे. नेमके आकडे हवेत म्हणून मी आईची वही उघडली.

वहीत शेवटच्या तिन्ही महिन्यांपुढं एकच वजन होतं. सात किलो दोनशे.

मी पुन्हा कार्ड पाहिलं. तक्त्यावरची शेवटची दोन टिंबं वर सरकवलेली होती, एक थोडं, दुसरं जरा जास्त. मी नर्स आहे. त्या पोरीला रोज कुशीत घेऊन झोपत होते, आणि माझं सगळं लक्ष चहाच्या विक्रीवर होतं.

आई लेकीला कडेवर घेऊन घरात आली, तशी मी वही तिच्यापुढं आपटली. माझं डोकं मुळातच लवकर फिरतं.

"माय, हाई काय शे? गावना पोरेस्नं टिंब बरोबर देस तू, आन् मन्ही पोरनं खोटं?"

आईने नाकारलं नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. "तुन्ही परीक्षा व्हती. तू डरी जाती, पेपर सोडी देती. शनवार व्हई गया का मी सांगणारच व्हती." मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "टिंब देताना मन्हा हात वरच गया, बाई. येवढंसं वर दिधं. पुढला महिनामा वजन भरी निंघी, आसं वाटनं."

मी तिला नाही नाही ते बोलले. ती लेकीला मांडीवर घेऊन थोपटत राहिली, याचा मला आणखीच राग आला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी नंदुरबारला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. लघवी तपासायला दिली आणि बाकड्यावर बसून राहिलो. आई देवाचं नाव घेत होती, मी आजारांची नावं घेत होते. हृदय, किडनी, एकेक आठवत होतं. नर्स झाल्याचा इतका पश्चात्ताप मला कधी झाला नव्हता. लघवीत इन्फेक्शन निघालं, ताप न दाखवता आत मुरलेलं. औषध सुरू झालं. "आता वजन वाढायला हवं," डॉक्टर म्हणाले, "महिन्याने दाखवा. नाहीच वाढलं तर पुढच्या तपासण्या करू." त्या 'नाहीच वाढलं तर'वर माझा जीव टांगणीला लागला.

परीक्षेला गेले, म्हणजे आईने ढकललंच. सुरतेच्या हॉलमध्ये आलेखात तीन रेघा होत्या आणि तिसरी आडवी. 'रिमेन्ड' लिहिलं आणि पेन अडलं. मला वहीतलं ते वजन दिसायला लागलं. तो शब्द खोडून मी 'फेल्ड टू राइज' लिहिलं, म्हणजे चढायला हवी होती पण चढली नाही. सरांच्या हिशेबी ही चूकच, कारण त्यात काळजी होती. पुढं निकाल आला, लेखनात जेमतेम निभावलं. पण मला धास्ती होती ती वेगळ्याच दिवसाची.

महिन्याने तो लेकीच्या वजनाचा दिवस उजाडला. आईने काट्यावर जुन्या लुगड्याचं धडपं अंथरलं, लेकीला ठेवलं. पोरगी रडत हातपाय झाडत होती, आकडा ठरत नव्हता. मी डोळे मिटून घेतले.

"सात किलो तीनशे," आई म्हणाली.

महिन्यात शंभर ग्रॅम. वाढ होती, पण इतकी थोडी, की हायसं वाटून घ्यावं की घाबरावं ते कळेना. आईने वहीत आकडा लिहिला, मग कार्ड पुढं ओढलं. आधीची दोन टिंबं तिने केव्हाच खोडून खाली आणली होती. तिथं कागद खरवडला गेला होता. तिने पेन्सिल माझ्या हातात दिली.

"तूच दे."

मी खालून महिना धरला, बाजूचे किलो मोजले आणि पेन्सिल टेकवायला गेले. माझा हात आपोआप जरा वर सरकला.

आईने माझं मनगट धरलं आणि खाली आणलं.